मर्लच्या गोळ्यांना चालणारी नळी

नॉर्थ डकोटातल्या बर्फातून शाळेची बस चालवणारी डार्लीन स्कोगेन गावात सगळ्यांच्या ओळखीची होती. दर बुधवारी संध्याकाळी ती क्लबात नेमबाजीला जायची आणि बहुतेक वेळा भल्याभल्यांना हरवून यायची. तिची काडतुसं तिचा थोरला दीर मर्ल घरी भरायचा. शिसं वितळवून गोळ्याही तोच ओतायचा. नवरा वारल्यावरही त्यात खंड पडला नव्हता.

जानेवारीतल्या एका बुधवारी मात्र मर्लकडून एका काडतुसात दारू घालायची राहिली. डार्लीनने चाप ओढला, नुसतं फुस्स झालं आणि गोळी नळीतच अडकली. ती खेळण्याच्या भरात होती. तिने लगेच दुसरी झाडली. पिस्तूल फुटलं नाही, पण नळी मध्येच फुगली आणि कामातून गेली.

मर्लने काडतुसं भरायचं यंत्र ताडपत्रीत गुंडाळून गोठ्यात टाकलं आणि क्लबात येणं सोडलं.

"माझ्या हातांचा आता भरवसा नाही," तो फोनवर म्हणाला. "नळी माझ्या पैशाने घे. स्पर्धेतली, भारीतली घे."

"नळीचं मी बघते. तू बुधवारी ये."

"नको."

शनिवारी ती कर्टच्या बंदुकांच्या दुकानात गेली. कर्टने आधी भारीतली नळीच पुढे ठेवली.

"ही कानस मारून बसवावी लागेल ना?" तिने विचारलं.

"कारागीर बसवून देईल. महिनाभरात."

"तोवर माझा मोसम संपेल. कंपनीची दाखव. आहे तशी बसणारी."

कर्टने कंपनीच्या दोन नळ्या काढल्या. एक नवी, गोळीला फिरकी देणारे आतले आटे गोलसर असलेली. दुसरी जुन्या साठ्यातली, धारदार आट्यांची.

"नवी घे. पुसायला सोपी, टिकायला चांगली," कर्ट म्हणाला.

"शिशाच्या गोळ्या चालतील हिच्यात?"

"छे. आत शिशाचा थर धरतो. कंपनीच नको म्हणते. तांब्याच्या कवचाच्या विकतच्या गोळ्या वापर."

"मग जुनी दे."

"डार्लीन, मर्लने तर भरणं सोडलंय."

"ते त्याला वाटतं."

दुकानातून ती थेट मर्लच्या स्वयंपाकघरात गेली. त्याने कॉफी ओतली. तिने नळी टेबलावर ठेवली. मर्लने ती खिडकीकडे धरून आत बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिला.

"ही तर जुनी आहे."

"नव्या नळीत तुझ्या गोळ्या चालत नाहीत."

त्याने नळी खाली ठेवली. "आणि परत चुकलो तर?"

"गोळी बसवण्याआधी प्रत्येक काडतुसात दिवा धरून दारू बघायची. आणि फुस्स झालं की मी थांबायचं. त्या दिवशी मला ऐकू आलं होतं मर्ल, तरी मी चाप ओढला. सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस."

कॉफी संपवून मर्ल बूट घालून गोठ्याकडे निघाला. "ताडपत्री जड आहे," तो दारातून म्हणाला. "एक टोक धर."

त्यानंतरच्या बुधवारी मर्ल तिच्या मागे खुर्ची टाकून बसला. पहिली गोळी सुटेपर्यंत त्याने श्वास रोखला होता. डार्लीनने मात्र नेहमीसारखी मान वाकडी केली आणि एकामागून एक गोळ्या झाडल्या. लक्ष्यावरची भोकं तळहाताएवढ्या जागेत आली.

गावच्या दंतवैद्याने तिला एका गुणाने मागे टाकलं.

"पुढच्या बुधवारी बघते त्याला," ती पिस्तूल पुसत म्हणाली.

"मग उद्याच बसतो भरायला," मर्ल म्हणाला, आणि जमिनीवरच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचू लागला.