वर्षभर टिकणारा काळा रंग

कुंपणापलीकडे राहणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना सगळे पाटेवाले म्हणतात. चाकांच्या वर वाकवलेल्या पोलादी पट्ट्या असतात, गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर झुलतं, ते पाटे. ते उतरवण्यात, चढवण्यात, सपाट झालेल्यांना पुन्हा बाक देण्यात या माणसाचा जन्म गेला. आता धंदा बंद केला आहे. पण घरामागची पत्र्याची शेड त्यांनी मोडली नाही. वर्षातून एकदा तिथे एक गाडी येते, त्यांच्या लेकीची.

लेक माझ्या हाताखाली शिकलेली. कविता चालू असताना ती कंपासपेटीची बिजागरी खोलून पुन्हा लावायची. आता दूर समुद्राकाठी पाण्याचे नमुने गोळा करण्याची नोकरी करते. ओहोटीच्या ओल्या वाळूतून जीप घालून गावोगाव हिंडते, आणि खारं पाणी जीपच्या पोटाला लागतं. म्हणून दरवर्षी ती बापाकडे येते. पाटेवाले पाटे उतरवतात, तारेच्या ब्रशाने गंज खरवडतात आणि काळ्या रंगाचे दोन हात मारतात. लेक नटबोल्ट रॉकेलमध्ये धुते. तेवढे दिवस शेडमधून ठोकाठोकी आणि भांडण एकदमच ऐकू येतं.

"तो पाना नाही गं, त्याचा थोरला भाऊ!"

"मग आधी नातं नीट सांगत जा ना, बाबा!"

एरवी त्या घरात आवाज नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हाताला चैन नाही म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्या दारांना इतकं तेल पाजलंय की एकही दार कुरकुरत नाही. कुरकुरलं असतं तर निदान कोणी आल्यासारखं वाटलं असतं.

एका वर्षी येण्याच्या बऱ्याच आधी लेकीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी पाटेवाले कुंपणाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ माझ्या झाडांकडे बघत होते.

"बाई, काळा रंग काही वाईट नसतो."

"वाईट कोण म्हणतंय?"

"पोरगी म्हणते, या खेपेला असं काहीतरी लावा की पाच-सहा वर्षं बघायला नको. रजा मिळत नाही म्हणे. रस्ताही लांबचा."

"तसं काही असतं का?"

"असतं," ते म्हणाले आणि आत गेले.

असतं हे त्यांना कधीपासून ठाऊक असणार. तरी दरवर्षी ते वर्षभर टिकणारा रंगच लावत आले होते.

पण काम अंगावर घेतलं की त्या माणसाला अर्धवट जमत नाही. त्यांनी पोलादाच्या सारख्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला वेगळा लेप दिला आणि शेडच्या भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगल्या. रोज सकाळी त्यांच्यावर मिठाचं पाणी फवारायचे. संध्याकाळी दूर उभं राहून खडी मारायचे. पलीकडच्या शिंप्याने मला विचारलं, "पाटेवाल्यांनी भिंतीशी वैर धरलंय का हो?"

मी रोज बघायला जायची. काळा रंग पहिल्याच खडीला उडाला. रबरासारखा जाड लेप दिसायला दणकट, पण तो त्यांनी चाकूने उचलून दाखवला तर खाली पाणी कोंडून गंजाची भुकटी झालेली. पावडर कोटिंगची पट्टी, म्हणजे कोरडी पूड फवारून भट्टीत भाजलेली, आरशासारखी होती. मात्र जिथे टवका उडाला तिथून गंज आतल्या आत सरकत गेला होता. शेवटच्या पट्टीला वाळूच्या झोताने घासून आधी जस्ताचं अस्तर दिलेलं होतं आणि त्यावर काळी पावडर. तिलाही टवके उडाले. पण आत नुसतं करडं जस्त. गंजाचा ठिपका नाही.

"हीच की मग," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. जिंकलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता.

लेक यायच्या दिवशी सकाळी मी त्यांना ती पट्टी खिळ्यावरून काढून खिशात घालताना पाहिलं.

दुपारी लेक आली. आली की मला बोलावणं असतंच. बापाने तिला भिंतीपाशी उभं केलं आणि एकेक पट्टी समजावली. तिने काळजीपूर्वक ऐकलं. मग म्हणाली, "सगळ्याच फुकट गेल्या म्हणजे. मग काळाच मारायचा का?"

"मार... मारू या की."

"आणि हा रिकामा खिळा कशाचा?"

पाटेवाल्यांनी खिळ्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच उगवला होता. त्यांना सहज काही सांगता आलं असतं. लेकीने विश्वास ठेवला असता. पण त्यांनी खिशात हात घातला आणि पट्टी तिच्या हातावर ठेवली.

तिने टवक्यावरून नख फिरवलं. पट्टी उलटी करून पाहिली. मग बापाकडे पाहिलं, ते मात्र हळूच.

"पडली होती वाटतं?"

"हो. पडली होती."

"हीच लावू या, बाबा."

मग त्यांनी कसर ठेवली नाही. भट्टी ओळखीच्या कारागिराची होती, तिथे उभं राहून एकेक पाटा सुटा रंगवून घेतला. एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये नायलॉनच्या चकत्या घातल्या. जिथे बोल्टची पकड बसते तेवढी जागा मात्र कोरी सोडली. तिथे जाड लेप दबतो आणि बोल्ट ढिले पडतात.

"थोडी चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागतील हं," ते निघताना म्हणाले. "वाटलं तर ये."

"तिथला मेकॅनिक आवळेल, बाबा."

"हो, तेही खरंच."

पुढच्या वर्षी ते दिवस आले आणि गेले. पाटेवाल्यांनी शेड झाडली, जॅकला ग्रीस लावलं. मग ते शेडचं दार उघडं टाकून नुसतेच बसू लागले. मी एकदा म्हटलं, "आपणच जाऊन येता का तिच्याकडे?" म्हणाले, "मी तिथे काय करू? ती दिवसभर पाण्यावर."

एका रविवारी त्यांनी स्वतःच फोन लावला. कानांनी कमी ऐकू येतं म्हणून ते फोनचा स्पीकर लावून तो हातात समोर धरतात. त्यामुळे कुंपणाअलीकडेही सगळं ऐकू येतं.

"पाटे कसे आहेत?"

"चांगले असतील की."

"असतील म्हणजे? खाली शिरून बघ जरा."

"आत्ता?"

"मग कधी?"

बराच वेळ खरखर आली. मग आवाज घुमत आला. "शिरले. मागचा डावा. काळा कुळकुळीत."

"टोकापाशी? वाळू आपटते तिथे?"

"थांबा, बॅटरी मारते. हो, एक टवका उडालाय. नखाएवढा."

पाटेवाले खुर्चीतून उठले. "आत लाल दिसतंय?"

मी हातातलं पाण्याचं भांडं तसंच धरून उभी होते. त्यांना कोणतं उत्तर हवंय, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला सांगता आलं नसतं.

"नाही. करडं आहे. घासलं तरी करडंच. काही झालेलं नाही, बाबा."

"वा," ते म्हणाले आणि परत बसले. "छान झालं."

"बाबा? आहात ना?"

"आहे गं."

"मग उजवा बघू?"

"बघ. सावकाश बघ."

"पाठीला खडे टोचताहेत हो!"

"मग खाली पोतं अंथर," पाटेवाले म्हणाले आणि फोन दुसऱ्या हातात घेतला. "अजून पुढचे दोन्ही राहिलेत."