गाण्यांना उत्तर देणारी आत्या

बारावी झाल्यावरच्या वर्षी मी एका मुलीचा नकार होकार समजून तिच्या गावच्या फाट्यावर ब्लूटूथ स्पीकर घेऊन उभा राहिलो. दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत आणि नवा शर्ट घालून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला खरं तर आत्याबद्दल सांगायचं आहे, आणि तिच्याबद्दल काहीही सांगायला गेलं की माझा मूर्खपणा मध्ये येतोच. आमच्या नातेवाइकांत अजूनही आम्हा दोघांची नावं एकाच वाक्यात घेतात. तिचं कर्ता म्हणून, माझं उदाहरण म्हणून.

आत्या सेवाग्रामला दवाखान्यात सिस्टर होती. लग्न केलेलं नव्हतं. क्वार्टरमध्ये एकटी राहायची, आणि मला वर्ध्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा सिंदीहून रोज रेल्वेनं ये-जा करण्यापेक्षा मी तिच्याकडे राहावं असं बाबांनी ठरवलं. आत्याला विचारलं नाही. ती म्हणाली, "येऊ दे. दोन पोळ्या जास्तीच्या."

तिची एक सवय मला पहिल्याच सकाळी कळली. आत्या गाण्यांना उत्तरं द्यायची. गाणं वाजत असलं की ते आपल्यालाच उद्देशून म्हटलं जात आहे असं धरून ती मध्येच बोलायची, हातातलं काम न थांबवता. मी दाढी करताना मोबाइलवर गाणं लावलं होतं. त्यातला नायक सांगत होता की तुझ्या आठवणीत मला अन्न गोड लागत नाही. आत्या कणीक मळता मळता म्हणाली, "उपाशी राह्यला तं चक्कर येईन. पयले दोन घास खाय, मंग पाहू." मला वाटलं, माझ्याशी बोलते आहे. मी म्हटलं, खातो ना. ती म्हणाली, "तुले नाई, त्याले सांगून राह्यली."

हे सगळीकडे चालायचं. बसमध्ये ड्रायव्हरनं लावलेल्या गाण्यात कुणी चंद्र-तारे तोडून आणायला निघाला, तर आत्या खिडकीतून बाहेर बघत म्हणायची की बाबा, आधी सिलेंडर आण. कॉलनीतल्या बायकांच्या भजनी मंडळात ती एकदाच गेली. देवा, माझं सारं घेऊन जा, मला काही नको, अशा अर्थाची ओळ रंगात आली होती. आत्यानं शेजारच्या बाईला विचारलं, "आन् नळाले पाणी नाई आलं तं काल सकाळी काऊन बोंबलली?" त्यानंतर मंडळानं तिला बोलावलं नाही. तिच्याही ते लक्षात यायला बरेच महिने लागले.

चुलत बहिणीच्या लग्नात तर तिनं कहर केला. पाठवणीच्या वेळी बँडवाल्यांनी परक्या देशी निघालेल्या लेकीचं गाणं काढलं. अख्खा मांडव डोळे पुसत होता, नवरी हुंदके देत होती. आत्या तिच्या कानाशी म्हणाली, "सेलूले तं चालली तू. गमलं नाई तं संध्याकाळी येजो." नवरी रडता रडता फसकन हसली. व्हिडिओत ते हसू आलं आहे. नवरीची आई आत्याशी दोन वर्षं बोलत नव्हती, आणि मला तिचं चुकलं असंही वाटत नाही. माणसाला कधीतरी धड रडू द्यावं. पण आत्याला ते जमत नसे.

गंमत म्हणजे तिला गाणी आवडायची. दिवसभर गुणगुणायची, पण नुसती चाल. शब्द नाहीत. मी एकदा विचारलं की शब्द का म्हणत नाहीस. ती म्हणाली, "चाल सच्ची असते. शब्द तपासून घ्या लागते."

त्या वयात मला हे अरसिकपणाचं टोक वाटायचं. माझं सगळं शिक्षण गाण्यांतच झालेलं होतं. मित्रांमध्ये सगळ्यात जास्त दुःखी गाणी माझ्या मोबाइलमध्ये होती आणि दुःख एकही नव्हतं. मला कुणी सोडून गेलेलं नव्हतं, कारण कुणी आलेलंच नव्हतं. तरी स्टेटसला मी रोज कुणाच्या तरी बेवफाईनं मोडून पडायचो. मामा फोन करून आईला विचारायचे की पोराचं काही बिनसलं आहे का. आई म्हणायची, नाही हो, परवाच घरी येऊन तीन वाट्या खीर खाऊन गेला.

अशाच एका स्टेटसखाली मी लिहिलं होतं की प्रेमात मरणारेच खरे जगले. आत्यानं ते वाचलं. नेहमीसारखं तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. जेवणं झाली, भांडी झाली, मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "बाबू, गाण्यात मरण एका कडव्यात होते. माह्या वॉर्डात तसं होत नाई. तुह्याच वयाचा पोरगा हाय आत्ता, एका पोरीपायी जीव द्याले निघालेला. शुद्धीवर आला तवापासून एकच गोष्ट विचारते, मी घरी कवा जाईन. त्या पोरीचं नाव एकदाबी नाई घेतलं त्यानं." एवढंच बोलून ती झोपायला गेली. मी स्टेटस काढलं. दुसऱ्या दिवशी दुसरं ठेवलं. त्यात मरण नव्हतं, नुसतंच झुरणं होतं. मला वाटलं, मी सुधारलो.

मग पल्लवी. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, गिरडच्या अलीकडच्या एका खेड्यातली, आणि आत्याच्या वॉर्डात तिची ड्युटी लागली होती. आत्याचा डबा पोहोचवायला मी जायचो. आधी मला त्या कामाचा कंटाळा होता. पल्लवी दिसल्यावर मी आत्याला विचारू लागलो की संध्याकाळचाही डबा आणू का. मी तिच्याशी बोललो नाही. बोलतात कसं हे मला ठाऊक नव्हतं, गाण्यात कुणी बोलतच नाही. मी जिन्यात उभा राहायचो आणि ती उतरताना मोबाइलवर गाणं सुरू करायचो.

आठवड्याभरानं ती जिन्यात थांबली आणि तिनं मला जे सांगायचं ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. तिच्या बोलण्यात अवघड असं काही नव्हतं. पण मी घरी जाताना सायकलवर शीळ घालत गेलो. माझ्या माहितीतल्या प्रत्येक गाण्यात मुलगी आधी नाही म्हणते आणि तिसऱ्या कडव्यात लाजते. माझ्या हिशेबानं आमचं दुसरं कडवं चालू होतं.

तिसऱ्या कडव्यासाठी मी हिंगणघाटहून गिरडची बस पकडली. बसमध्ये दर्ग्याला निघालेली माणसं होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं स्पीकर बघून विचारलं की कव्वाली आहे का. मी मानेनंच नाही म्हटलं. तिच्या फाट्यावर उतरलो. सुट्टी संपवून ती त्या सकाळी गावाहून होस्टेलला परत निघणार हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. ती आली. बरोबर बॅग उचलून तिचे बाबा होते. शहाण्या माणसानं तिथूनच परतीची बस धरली असती. मी बटण दाबलं.

पूर्ण आवाजात गाणं सुरू झालं. पानठेल्यावरची माणसं वळली. पहिल्या कडव्यानंतर स्पीकरमधल्या बाईनं इंग्रजीत जाहीर केलं की बॅटरी संपत आली आहे, आणि ठेल्यावर हशा पिकला. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती तिच्या बाबांकडे पाहत होती. ठेल्यावरून कुणीतरी म्हणालं की भाऊ, पोरगी शिकून राह्यली वाटते चांगली. बस आली. तिच्या बाबांनी बॅग पुन्हा उचलली आणि ते गावाकडे चालू लागले. ती त्यांच्या मागून गेली. बस तिला न घेताच निघून गेली. मी मात्र खूश होतो. गाण्यात बाप आडवा येतोच.

पल्लवी ड्युटीवर आली नाही. तिच्या मैत्रिणीनं आत्याला सगळं सांगितलं, की तिचं शिक्षण बंद झालं, घरच्यांचं म्हणणं आहे की पोरीनं काहीतरी नाद लावल्याशिवाय कुणी पोरगा इतक्या दूर स्पीकर घेऊन येत नाही, आणि तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना निरोपही गेला आहे. त्या संध्याकाळी आत्यानं मला वाढलं, भाजी अजून हवी का विचारलं, आणि म्हणाली, "उद्या सुट्टी टाकली मी. नवा शर्ट घालजो. तुले गिरडकडं यायचं हाय माह्यासंग."

पल्लवीच्या घरी अंगणात आम्हाला खाट दिली. आत्या बसली. मी उभा राहिलो, कारण मला कुणी बस म्हटलं नाही. पल्लवीचे बाबा तोंड फिरवून कापसाच्या गोणीला टाका घालत होते. आई दारात होती, आणि तिच्यामागे अंधारात पल्लवी. आत्यानं माफीबिफी मागितली नाही. ती म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी आवाज लय होता, यानं काय वाजवलं ते तुम्हाले नीट समजलं नसन. हा आता बोलून दाखवते. गाऊन नाई, बोलून. आन् बाबू, मराठीत सांग. सगळ्यांले समजलं पायजे."

गाणं हिंदी होतं. हिंदीत ते मला रेशमासारखं वाटायचं. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. तू नाही म्हणतेस, पण तुझे डोळे हो म्हणतात. मी तुझा रस्ता सोडणार नाही. तू माझी झाली नाहीस तर मी तुला कुणाचीच होऊ देणार नाही. इथवर आलो तोवर बाबांचा सुईचा हात थांबला होता. पुढची ओळ होती की तुझ्या दारात जीव देईन आणि तुझं गाव तुला बोल लावील. ते दार समोरच होतं. गाव कुंपणापलीकडे उभं राहून ऐकत होतं. मी तिथेच थांबलो. आत्या म्हणाली, "पूर्ण कर." मी पूर्ण केलं.

बाबा सावकाश म्हणाले, "हे गाणं होय का? ही तं धमकी होय."

"मलेबी तसंच वाटते," आत्या म्हणाली. "आता बाबू, हे सांग, पोरगी तुले काय म्हणाली?"

मी पायाकडे बघून सांगितलं. ती म्हणाली होती की मला तुम्ही आवडत नाही, मला माझं शिक्षण पूर्ण करायचं आहे, पुन्हा जिन्यात उभे राहू नका.

बाबांनी दाराकडे पाहिलं. "तू असं म्हटलं होतं?"

आतून पल्लवी म्हणाली, "दोनदा."

मग बाबांनी सुई गोणीतच खोचली आणि बायकोला सांगितलं की हिची बॅग काढ, उद्या मी स्वतः होस्टेलपर्यंत सोडून येतो, आणि पाहुण्यांना काय सांगायचं ते मी पाहतो. कुंपणाकडे बघून त्यांनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "पोट्ट्या, दोनदा सांगून समजलं नाई, तुले कॉलेजात घेतलं कोणं?"

परतीच्या बसमध्ये गाणं वाजत होतं. आत्यानं त्याला उत्तर दिलं नाही. हिंगणघाट आलं तेव्हा ती म्हणाली, "गाण्यातल्या पोरीले तोंड नसते बाबू. हिले होतं. तुले दिसलं नाई." तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. माझ्या बाबांनाही सांगितलं नाही. त्यांना ते पानठेल्याच्या मार्गानं यथावकाश कळलं.

आता मी सिंदीजवळच्या एका शाळेत शिकवतो. स्नेहसंमेलनाच्या आधी पोरं नाचाची गाणी घेऊन येतात आणि मी त्यांना म्हणतो की ही ओळ चाल सोडून, मराठीत, शेजारी बसलेल्याकडे बघून म्हणा. आधी हसतात. मग निम्मी गाणी पोरं स्वतःच मागे घेतात. उरलेल्या निम्म्यांवर मजेत नाचतात, त्यातली काही मला पटत नाहीत, पण तेवढं मी सोडून देतो. स्कूटरवर एकटा असलो की बेवफाईचं एखादं गाणं माझ्याही तोंडून निघतं. माझी बायको अतिशय एकनिष्ठ आहे, हे तिथे उपयोगी पडत नाही.

गेल्या वर्षी आत्या गेली. ज्या वॉर्डात नोकरी झाली त्याच वॉर्डात, थोड्याच दिवसांच्या आजारानं. तिथली इनचार्ज आता पल्लवी सिस्टर आहे. शेवटचे दिवस तिनंच सगळं केलं, आणि मी डबा घेऊन गेलो की माझ्याकडून तो घेऊन मला बाहेर बसायला सांगायची.

आत्याच्या चौदावीच्या जेवणाला ती आमच्या घरी आली. जेवून हात धुवायला गेली तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झालो. माझी वाक्यं तयार होती. मी म्हणालो की तुमच्या आयुष्याचं मी वाटोळं केलं असतं, तो दिवस मी एक क्षणही विसरलो नाही, ते ओझं मी मनावर घेऊन जगतो आहे. बोलताना माझा आवाज थोडा कापलासुद्धा.

पल्लवी सिस्टरनं हात धुतले, रुमालाला पुसले आणि म्हणाली, "सर, तुम्ही ते लय मोठं करून राह्यले. माझे चार दिवस बुडाले, ते मी सुट्टीत भरून काढले. त्या अंगणातल्या आत्याबाई मले आठवतात, बाबा आठवतात. तुम्ही कुठं उभे होते, ते काही आठवत नाई."