मराठीतून डावीकडे वळताना

तुम्ही मातृभाषेतून शेवटचं डावीकडे कधी वळलात? प्रामाणिकपणे सांगा. हैदराबादचा मराठी माणूस घरी मराठीत जेवतो, दुकानात दखनीत भांडतो, ऑफिसात इंग्रजीत सुट्टी मागतो आणि रस्त्यावर मोबाइलमधली बाई म्हणेल तिकडे मुकाट्याने वळतो. या गुलामीविरुद्ध मी उभा राहिलो. आत्याच्या गाडीत बसून.

नवशिक्यांसाठी मोटार रॅली होती. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने शेजारी बसून कागद वाचत रस्ता सांगायचा. ही शर्यत नव्हे. ठरलेल्या वेळेला पोचायचं. उशिरा गेलात तर गुण जातात, लवकर गेलात तरी जातात. (आमच्या घराण्याला दुसरा धोका नाही.) मी चालवणार, आत्येबहीण सानू रस्ता सांगणार असं ठरलं. गाडीसाठी आत्याची एकच अट होती.

"आधी मला मागं बसवून एक चक्कर मारा. साडेआठच्या आत घरी आणलं, तर गाडी घेऊन जा. नाही आणलं तर नक्को."

आयोजकांनी सरावासाठी एक कागद दिला होता: चिक्कडपल्लीहून कोठी आणि परत. प्रत्येक वळणाला एक बाण, अंतराचा आकडा आणि दोन इंग्रजी शब्द. मला संताप आला. बाणाला कुठली आलीय संस्कृती? दोन दिवस बसून मी सगळं शुद्ध मराठीत उतरवलं. बाण काढून टाकले. एका पानाची अकरा पानं झाली, यावरून आपली भाषा किती समृद्ध आहे ते कळतं.

सानू इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी फाडफाड बोलते. वाचायची वेळ तिच्यावर फक्त लग्नपत्रिकेपुरती येते. हे मला माहीत होतं. पण तत्त्वाच्या आड माहिती येऊ द्यायची नसते.

मागच्या रविवारी सकाळी सातला निघालो. पहिला चौक आला.

"सानू, काय लिहिलंय?"

"सं... सम्मु... दादा, हे काय आहे?"

"सन्मुख. पुढे वाच."

"सन्मुख येणाऱ्या चौ... चौका..."

"चौकातून. मग?"

"थांब ना. पळवू नको मला."

ती 'वळावे'पर्यंत पोचली तोवर आणखी दोन चौक गेले होते. "आता वळ," ती म्हणाली. डावीकडे एका शाळेचं बंद फाटक होतं.

"कुणी लिहिलं हे?" आत्याने मागून विचारलं.

"मी."

"मग तुला आठवत नाही?"

"अकरा पानं आहेत, आत्या."

आठ वाजता आम्ही गौलीगुड्यात सिटी बसच्या रांगेत होतो. पुढे बस, मागे बस, मधे आत्याची छोटी गाडी. शिट्टी वाजवत एक माणूस आला.

"कहाँ जाना है मियाँ? ये बसां का रास्ता है."

कुठे जायचं ते सानूला सांगता येईना, म्हणून तिने अकरा पानं त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली. "परचा है? इलेक्शन का?" असं विचारून घडी घातली आणि खिशात ठेवली.

इथे माझी खरी चूक झाली. मी पत्रकं वाटत मोठा झालो. समोरच्याने कागद फेकून न देता खिशात ठेवला, की आमच्या घरी तो विजय मानतात. परत मागायची पद्धत नाही. मी त्याला नमस्कार केला आणि काच वर घेतली.

"दादा, आपला रस्ता त्याच्या खिशात गेला," सानू म्हणाली.

आत्या गाडीतून उतरली. "तू मागं ये. सानू, तू चालव, लायसन्स काय फोटो बघायला काढलंस?" ती स्वतः पुढे बसली. "लेफ्ट घे. सीधा. त्या इडलीवाल्याच्या बाजूनं घुस. आता राईट." कुठल्याच भाषेच्या व्याकरणात न बसणाऱ्या सूचना. आठ सत्तावीसला गाडी दारात होती.

"अट पुरी झाली, आत्या."

"झाली ना. गाडी दिली. सानू चालवेल, रस्ता मी सांगीन."

"आणि मी?"

"तू कायकू? दोघांचीच जागा असते, तूच म्हणालास."

येत्या रविवारी रॅली आहे. माझी तत्त्वं शाबूत आहेत, पण गाडी नाही. तुमच्यापैकी कुणाला शेजारी बसून रस्ता सांगणारा हवा असेल, तर कृपया आजच मला कळवा. एकच अट आहे. रस्ता तुम्हाला माहीत असावा.