परत मागितलेल्या पुड्या

वसंता गेल्याचं त्याच्या मुलीनं, सुमननं, शाळेत येऊन सांगितलं. मी फळ्यावर गणित सोडवत होतो. ते तसंच अर्धं ठेवून तिच्याबरोबर निघालो.

पंचवटीतला आमचा हा वैद्य भारी हट्टी. मधुमेहावरचं नागभस्म, म्हणजे शिशाचं भस्म, तो घरीच करायचा. गोवऱ्यांच्या आगीत भाजभाजून झाल्यावर त्यातलं चिमूटभर पाण्यावर तरंगलं, की भस्म नीट उतरलं म्हणायचं, हा त्याच्या वडिलांचा नियम. वसंतानं त्यावर आपला एक चढवला. नवं भस्म आधी महिनाभर स्वतः खायचं, मगच रोग्याला.

"अरे, तुला कुठे मधुमेह आहे?" मी चिडवायचो.

"मी खाल्लं नाही ते लोकांना कसं देऊ, मास्तर?"

वीस वर्षं तो हा प्रामाणिकपणा मधातून चाटत राहिला.

एकोणीसशे ऐंशीनंतर त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. मग उजवं मनगट लुळं पडलं, बत्ता उचलेना. डॉक्टरांनी हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. शिसं निघालं. तोवर मूत्रपिंडंही खराब झाली होती.

दुसरा गप्प बसला असता. हा डाव्या हातात पिशवी घेऊन पुड्या परत मागत फिरला. रविवारी मी सोबत असायचो. विंचूरच्या एका कांदेवाल्यानं हातच जोडले, "बुवा, लय गुण आलाय मला. नाय द्यायचो."

वसंतानं लुळा हात पुढे केला. "हे बघ, त्यानंच झालंय." तासाभरानं पुड्या घेऊनच उठला.

येताना एसटीत त्यानं विचारलं, "तुझ्याकडच्या?"

"कधीच टाकून दिल्या."

"बरं केलंस," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला...

मी खोटं बोललो होतो. माझी साखर त्याच्या औषधानंच आटोक्यात आहे, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टरांपेक्षा, खुद्द वसंतापेक्षाही, माझा वसंताच्या पुडीवर विश्वास! तो गेला त्या सकाळीसुद्धा मी एक घेतली होती.

तेराव्यानंतर रक्त तपासून घेतलं. माझ्यातही शिसं आहे. काल उरलेल्या पुड्या सुमनच्या हातात दिल्या. मान वर करवेना.

तिनं त्या पिशवीत टाकल्या. म्हणाली, "काका, बाबा शेवटपर्यंत विचारत होते... मास्तर पुड्या घेऊन आला का?"