कपबशीचा आवाज

कुणी कपबशी टेबलावर आपटली की माझा हात नकळत कमरेशी जातो. नव्वद सालच्या आसपास शिरपूरजवळ आम्ही विजेची नवी तार ओढत होतो. मी खांबावर कमरेच्या पट्ट्यानं लटकलेलो, नाकासमोर तार पेलणारा, कपबशीसारखा चिनी मातीचा इन्सुलेटर, खाली तार ओढणारा ट्रॅक्टर. ताण सावकाश वाढत होता तोवर इन्सुलेटरनं तो निमूट सोसला. "झटका नको देऊ रे भाऊ, फुटी जाई!" मुकादम ड्रायव्हरवर ओरडले, तोच त्याचा पाय क्लचवरून सटकला आणि तारेला हिसका बसला. टिक. इन्सुलेटरवर केसाएवढी चीर माझ्या डोळ्यांदेखत निम्म्यापर्यंत सरकली आणि थांबली. तो फुटला असता तर सुटलेली तार माझ्याच अंगावर येणार होती. "बठ्ठं बराबर शे ना?" सगळं ठीक आहे ना, असं मुकादमांनी खालून विचारलं. मला बोलवेना, माझ्या आवाजानंच चीर पुढं सरकेल असं वाटत होतं. अजूनही कप आपटला आणि बायकोनं "काय झालं?" विचारलं, तरी कपाकडं नीट बघितल्याशिवाय मी ओ देत नाही.