तीन नंबरचा पाइप

व्रतांचं एक बरं असतं, त्यांचं उद्यापन होतं. किश्शांचं तसं नाही. आमच्या काळाचौकीच्या चाळीत विहिरीवरून इतके किस्से साठलेत की जागा मिळेल तिथे कोंबावे लागतात. त्यातले हे थोडे.

झालं असं, चाळीच्या भिंतीपलीकडे एक बंद पडलेला कारखाना. तिथल्या जमिनीखालच्या टाक्यांमधून डिझेल झिरपत राहिलं आणि एक दिवस आमच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास आला. विहिरीवर लोखंडी झाकण बसलं. माझ्या सोळा सोमवारांच्या अभिषेकाला याच विहिरीचं पाणी असायचं. मी देवापुढे बोलून बसले, विहीर स्वच्छ असल्याचा कागद येईपर्यंत चहा घेणार नाही.

आमचे हे म्हणाले, "अगं, निदान कारलं तरी सोडायचंस."

*

माती आणि पाणी तपासायला अश्विनी नावाची इंजिनीअर पोरगी आली. पायात गमबूट, हातात फाइल. तिच्या माणसांनी मशीन लावून जमिनीत तीन भोकं पाडली आणि त्यांत मनगटाएवढे पाइप उतरवले. दोन कारखान्यात, तिसरा आमच्या विहिरीला लागून. तीन नंबरचं पाणी स्वच्छ आलं की विहीर उघडणार, एवढं सगळ्यांना समजलं.

बाकी काही समजलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन नंबरपुढे हंडे-कळश्यांची रांग.

"काकू, हे पाणी भरायचं नाहीये," अश्विनी मला म्हणाली. "हे आजारी आहे का, ते बघायचंय."

रांगेतून आवाज आला, "बघा तुम्ही. आम्ही तोवर भरतो."

*

नमुना घ्यायच्या आधी पाइपात साचून राहिलेलं पाणी उपसून टाकतात, मग ताजं येतं ते बाटलीत भरतात. जिथे सकाळी तासभर नळ येतो, तिथे हे दृश्य बघवत नाही. उपसलेलं पाणी ती पिंपात ठेवायची, गाडीने न्यायला.

तळमजल्यावरच्या तातूंना ते पिंप दिसलं. तातू मूळचे मालवणचे, पन्नास वर्षं इथे राहूनही बोलणं तिकडचंच. पाणी फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी अख्खा जिना धुऊन काढला. दोन दिवस चाळीला रेशनच्या दुकानाचा वास येत होता.

अश्विनी कपाळाला हात लावून पायरीवर बसली. तातू म्हणाले, "बाय, थंय बसा नको. निसारडा झाला हा."

*

नमुन्याच्या बाटल्यांची बर्फाची पेटी आमच्या घरात असायची, कारण पाइपाला सर्वांत जवळची खोली आमची. त्या बाटल्या काठोकाठ भरतात. आत हवेचा एक बुडबुडासुद्धा चालत नाही, नाहीतर तेलाची वाफ त्यात उडते आणि तपासणी खोटी ठरते.

आमच्या ह्यांनी पेटी उघडली, बाटल्या बघितल्या आणि प्रत्येकीतलं दोन-दोन चमचे पाणी मोरीत ओतलं. "पोरीने गळ्यापर्यंत भरल्या होत्या. वाटेत सांडलं असतं."

सगळे नमुने पुन्हा. माझा चहा आठवडाभर पुढे.

*

कारखान्याचे मॅनेजर रोज खुर्ची टाकून बसायचे. नकाशात टाक्या तीन, त्या तिन्ही काढल्या, काम संपलं, असं त्यांचं म्हणणं. पण कारखान्यातल्या पाइपांना डिझेल येणं थांबेना. अश्विनी नकाशा उलटा-सुलटा करून दमली.

तातूंनी तिथे तीस वर्षं नोकरी केलेली. ते भिंतीवरून वाकून म्हणाले, "चार आसत. चवथी ह्येंच्या खुर्चीखाली."

मॅनेजर उठले नाहीत. शेवटी खुर्ची त्यांच्यासकट उचलायची वेळ आली, तेव्हा उठले. टाकी तिथेच होती.

अश्विनीने विचारलं, "तातू, आधी का नाही सांगितलंत?"

"माका खंय कोणी इचारल्यान?"

*

चौथी टाकी निघाली, तेलकट माती ट्रकमधून गेली, पुढे काही महिने पाणी उपसून साफ करणं चाललं. मग शेवटची तपासणी. कारखान्यातले दोन्ही पाइप स्वच्छ. आणि आमच्या तीन नंबरमध्ये तेल.

अश्विनी रिपोर्ट घेऊन माझ्या दारात उभी राहिली. रडायचीच बाकी होती. "काकू, लॅबवाले म्हणतात हे डिझेल नाहीये. खायचं तेल आहे."

मी पाइपाकडे बघितलं. तिच्याच माणसांनी त्याचं झाकण शेंदरी रंगवलं होतं, कोणी अडखळू नये म्हणून. जमिनीतून हातभर वर आलेलं, शेंदरी, विहिरीशेजारी. शनिवार मोडवेना.

"एकच पळी गं," मी म्हटलं. "झाकणावर. आत नाही."

"एका पळीने एवढं येत नाही, काकू."

तातू खाली बघत म्हणाले, "थोडा माझा पण आसात." मग वरच्या गॅलरीतलं एकेक दार हळूच लागायला लागलं.

पाइप धुतला, आत जाणारी फट बुजवली, झाकणाला काळा रंग दिला. अश्विनीने सगळ्यांकडून शब्द घेतला, तेल नाही, कुंकू नाही, काही नाही. महिन्याने पुन्हा नमुना. माझा चहा अजून एक महिना पुढे. देवाला दोष द्यायला तोंड नव्हतं, पळी माझीच होती.

महिन्याने ती आली, तो नेमका सोमवार. काळ्या झाकणावर बेलाचं एक पान.

तिने माझ्याकडे बघितलं. "मी नाही गं," मी म्हटलं. तातूंनीही मान हलवली.

तिने पान उचलून बाजूला ठेवलं, बाटल्या काठोकाठ भरल्या, झाकण घट्ट लावलं. मग ते पान दोन बोटांनी उचललं आणि होतं तिथेच परत ठेवलं.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. "काकू, मी कागद घेऊन निघालेय. आधण दोन कपांचं ठेवा."