आयलीने सांगितलेले देवमासे

आयली निएमी ओरेगॉनच्या किनाऱ्यावर जन्मली, तिथेच वाढली, तिथल्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म पोरांसाठी सूप ढवळलं. पण समुद्राकडे तोंड करून बसलेली आयली गावात कुणी कधी पाहिली नव्हती. बाप त्याच पाण्यात गेला होता, आणि नवराही मिळाला तो खेकडे पकडणारा. वेंडेलची बोट बाहेर असली की ती खिडकीचा पडदा ओढून घ्यायची आणि पाठ फिरवून विणत बसायची.

वेंडेलचं सगळंच उलटं. जन्मभर समुद्रावर पोट भरलं, तरी त्याचे डोळे काही भरले नाहीत. बोट विकून टाकल्यावरही, हिवाळा ओसरू लागला आणि राखाडी देवमासे मेक्सिकोच्या उबदार खाड्यांतून उत्तरेकडे निघाले, की हा थर्मास घेऊन गावाबाहेरच्या कड्यावर जायचा आणि बाकावर ठाण मांडून बसायचा.

"त्यांच्यातल्याच एकीशी लग्न करायचं होतंस," आयली म्हणायची.

"करणार होतो. पण एकीनेही विचारलं नाही ना!"

मग त्याची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू. आधी वाचता येईना, मग माणसांचे चेहरे पुसट झाले, आणि शेवटी उजेड कुठे नि अंधार कुठे एवढंच कळायला लागलं. त्या वर्षी देवमाशांचे दिवस आले, तेव्हा वेंडेलने आपली दुर्बीण उचलली आणि शेजारच्या ऑर्विलला देऊन टाकली. दोघं जुने दोस्त. एकाच बोटीवर म्हातारे झालेले. परत येऊन वेंडेल स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा ते मांडीवर चोळत राहिला.

आयलीला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याचा कोट आणून अंगावर टाकला.

"ऊठ. कड्यावर जायचंय."

"तिथे जाऊन मी काय करू?"

"तू कॉफी पी. मी बघते आणि तुला सांगते."

बोलायला बोलून गेली खरी, पण समोर नुसतं पाणीच पाणी. वारा कान कापत होता. बराच वेळ गेला. वेंडेल मान पुढे काढून असा बसला होता, जणू कुणी दारावर थाप मारील आणि त्याला ऐकू यायची राहील. आयलीला राहवेना.

"आला!" ती ओरडली. "फवारा! केवढा उंच, कारंज्यासारखा!"

वेंडेलचा चेहरा उजळला. झालं, आयलीची भीड चेपली. त्या दिवशी दोन आले, दुसऱ्या दिवशी चारपाच. कुणी कोलांट्या मारी, कुणी कोठाराच्या दाराएवढी शेपटी आपटी. एकदा तिचं हे पुराण ऐन रंगात आलेलं असताना ऑर्विल दुर्बीण गळ्यात घालून आला. त्याने मोकळ्या समुद्राकडे पाहिलं, आयलीकडे पाहिलं. तिने डोळे वटारले.

"अरे बापरे," ऑर्विल घसा खाकरून म्हणाला, "हा तर भलताच मोठा."

वेंडेल खो खो हसत सुटला. "ऑर्विल, तूपण? अरे, राखाडी देवमाशाचा फवारा बुटका असतो, झुडपासारखा. आणि हिचे मासे जेवढ्या उड्या मारतात तेवढ्या मारत बसले, तर अलास्काला पोचणार कधी?"

आयलीचे कान लाल झाले. "म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पहिल्या कारंज्यापासून."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली," वेंडेल म्हणाला, "आणि तू पहिल्यांदाच इथे येऊन बसलीस. म्हटलं, चूक काढली तर उठून जाशील."

आयलीने घरून आणलेला वेलदोड्याचा पाव मोडला आणि मोठा तुकडा त्याच्या हातात ठेवला.

"यापुढे जे दिसेल तेच सांग," तो म्हणाला. "काही नसेल तर नाही म्हण."

तेव्हापासून ती दिसेल तेच सांगू लागली. तिचे शब्द सगळे स्वयंपाकघरातले. आज समुद्र शिळ्या वाटाण्याच्या सूपसारखा आहे. पाणकावळे ओले कोट वाळत घातल्यासारखे पंख पसरून बसलेत. खडकावर एक काळा पक्षी आलाय, त्याने चोचीत गाजर धरलंय. नाही, चोचच तशी आहे. सांगायचं म्हणून ती नीट बघू लागली, आणि बघता बघता तिला दिसू लागलं. बुटके फवारेही दिसले. प्रत्येक वेळी ती वेंडेलचा गुडघा दाबायची.

मे महिन्यात आया आपापली पिल्लं घेऊन निघतात. सगळ्यांत मागून, अगदी किनाऱ्याला धरून. अशाच एका शांत सकाळी कड्याच्या जवळ एक आई आली, पिल्लू तिच्या कुशीला. आयली सांगत होती: आईच्या पाठीवर किती शिंपले चिकटलेत, पिल्लाची पाठ कशी धुतलेल्या वांग्यासारखी गुळगुळीत आहे. सांगता सांगता ती थांबली.

"काय झालं? गप्प का झालीस?"

दूरवर पाण्यातून काळे, उभे, सुळ्यांसारखे पर वर आले होते. ते काय, हे खेकडेवाल्याच्या बायकोला कुणी सांगायला नको. ओर्का होते ते, देवमाशांची पिल्लं मारून खाणारे, त्यांच्याच मागावर निघालेले. 'काही नाही' एवढंच तिच्या जिभेवर आलं होतं.

"ओर्का," ती म्हणाली. "तीनचार आहेत. इकडेच येतायत."

वेंडेलने तिचा हात घट्ट धरला. "आई कुठे आहे?"

"बाहेरच्या बाजूला. पिल्लाला ढकलतेय, खडकांकडे. अरे, आपटेल ना ते!"

"नाही आपटणार. तिथे शेवाळाचं रान आहे, लाटांचा गोंगाट आहे. लपवतेय त्याला. बघत राहा."

पण आयलीचे डोळे भरून आले, समोरचं सगळं विरघळलं. "मला नाही बघवत. दिसत नाहीये मला, वेंडेल."

"असू दे. ऐक मग."

दोघं हातात हात घालून बसून राहिली. लाटा फुटत होत्या, समुद्रपक्षी ओरडत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग खालून, अगदी पायाशीच वाटावा असा, एक लांब, ओला, जड श्वास आला. वेंडेल हलला नाही. आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, लहान, घाईतला.

"दोघंही आहेत," तो म्हणाला. "आयली, पिल्लू आहे."

तिने डोळे पुसून पाहिलं. काळे पर दक्षिणेला, लांब निघून गेले होते.

घरी परतताना ती रस्त्यात मध्येच थांबली. "बाबांची बोट नदीच्या मुखाशी उलटली ना," ती म्हणाली, "तेव्हा मी खिडकीत होते. मी पाहिलं सगळं. आईलासुद्धा कधी सांगितलं नाही."

वेंडेल रस्त्यातच उभा राहिला. मग चाचपडत त्याने तिचा चेहरा शोधला आणि दोन्ही हातांत धरला. मागून येणारी गाडी भोंगा न वाजवता त्यांना वळसा घालून गेली.

पुढे वेंडेलच्या गुडघ्यांनी दगा दिला, कडा चढवेना. मग आयली एकटी जाऊ लागली. कधी ऑर्विल सोबतीला असे, कधी नसे. ती परत आली की दाराचा आवाज ऐकून वेंडेल आतूनच विचारायचा, "आले का गं?"

"एकही नाही," आयली कोट काढत म्हणायची. "पण खडकावर एक सील होतं, पोट वर करून पसरलेलं. थेट तुझी बहीण."

"बस," वेंडेल शेजारची खुर्ची ओढत म्हणायचा. "आणि पहिल्यापासून सांग."